मनःशांतीचा अर्धाच श्लोक

सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातील एका बड्या लेखासंस्थेत काम करणाऱ्या तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूची बातमी देशभर गाजली. मृत्यू जुलैतला, पण तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरात जाहीर झाले आणि अतिश्रमाचा प्रश्न एकाएकी सर्वांच्या तोंडी आला. कामाच्या ताणाने हे घडले, असे आईचे म्हणणे होते. संस्थेला ते मान्य नव्हते. त्याच सुमारास चेन्नईतील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यक्रमात केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या घटनेचा उल्लेख केला. ताण सोसण्याचे आंतरिक बळ मुलांना घरातून मिळाले पाहिजे आणि ते बळ ईश्वरनिष्ठेतून येते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यावर टीकेची झोड उठली. मृत तरुणीला दोष देण्याचा हेतू नव्हता, असा खुलासाही झाला.

राजकीय वाद जसे विरतात तसा तो वाद चार-आठ दिवसांत विरला. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र राजकीय नाही आणि एका मंत्र्यापुरताही नाही. मनःशांतीचा जो उपदेश आपल्या धर्मग्रंथांत आहे, तो कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी करायचा असतो? अलीकडे हा उपदेश मंदिरातून आणि कीर्तनाच्या फडातून निघून कार्यालयाच्या सभागृहात येऊन बसला आहे. नव्याने रुजू झालेल्यांच्या प्रशिक्षणात, ताणतणावाच्या नियोजनासाठी भरवलेल्या शनिवारच्या शिबिरात गीतेतील एखादे वचन हमखास ऐकू येते. यात नवल असे काही नाही. आयुर्विमा महामंडळाचे बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायातून आले आहे, तर खरगपूरच्या आयआयटीचे दुसऱ्या अध्यायातून. गीता, ज्ञानेश्वरी, मनाचे श्लोक यांनी मराठी माणसाला शतकानुशतके आधार दिला आहे. आजही रोज सकाळी पाच-दहा ओव्या वाचून लोकलच्या गर्दीत शिरणारे हजारो लोक आहेत आणि त्यांना त्यातून मिळणारे बळ खरे आहे. शंका त्या बळाविषयी नाही. ग्रंथातला कोणता भाग कापून घेतला जातो आणि कोणता मागे ठेवला जातो, याविषयी आहे.

सर्वाधिक वापरला जाणारा श्लोक म्हणजे दुसऱ्या अध्यायातील ४७ वा. कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ शिबिरांतून सांगितला जातो आणि ऐकणारा मनातल्या मनात त्याचे भाषांतर करतो की, काम करीत राहा, पगारवाढीचे विचारू नकोस. वास्तविक या श्लोकाला चार चरण आहेत आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले आहे. कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, फळाच्या हेतूने कर्म करणारा होऊ नकोस आणि कर्म टाकून देण्याचाही आग्रह धरू नकोस, असा तो चौपदरी विचार आहे. टिळकांचा भर फळाची आशा, म्हणजे त्यातील आसक्ती, सोडण्यावर होता. फळच टाकून द्या, असे त्यांनी म्हटलेले नाही. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला गीतारहस्य हा ग्रंथ परक्या सत्तेशी भांडणाऱ्या माणसाचा आहे, सोसत राहा असे सांगणाऱ्याचा नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

येथे एक साधा भेद हरवतो. फळ आणि वेतन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मी केलेल्या कामाला यश येईल की नाही, लोक वाखाणतील की नाही, बढती मिळेल की शेजारच्या टेबलावरच्याला मिळेल, हे फळ. ते अनेक कारणांवर अवलंबून असते आणि त्यात जीव गुंतवला की मन पोखरते, हे गीतेचे निरीक्षण आजही तंतोतंत खरे आहे. अप्रेझलच्या महिन्यात कोणत्याही कार्यालयात तासभर बसले तर त्याचा प्रत्यय येतो. वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुटी या मात्र ठरलेल्या गोष्टी असतात. त्या देण्याघेण्याच्या आहेत. त्यांना फळ म्हणून, वर त्यागाचे तेज चढवून कामगारालाच त्या सोडायला सांगणे हे गीतेचे निरूपण नव्हे. शिवाय महाभारत या विषयावर मुके नाही. सभापर्वाच्या आरंभीच नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराविषयी लांबलचक प्रश्न विचारतो. त्यांत सैन्याचे अन्न आणि वेतन वेळच्या वेळी देतोस ना, त्यात दिरंगाई तर करीत नाहीस ना, असा थेट प्रश्न आहे. रामायणातही चित्रकूटावर भेटायला आलेल्या भरताला राम हेच विचारतो. हा प्रश्न कधी एखाद्या शिबिरात ऐकल्याचे कोणी सांगितलेले नाही.

गीतेचा आरंभही पुन्हा नीट वाचण्यासारखा आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाची जी अवस्था वर्णिली आहे ती आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल: तोंडाला कोरड, अंगाला कंप, त्वचेचा दाह, हातातून निसटणारे धनुष्य, भिरभिरणारे मन. अर्थात त्याला आजच्या भाषेतले 'टेन्शन' म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली रविवारी दिलेल्या प्रवचनांत विनोबांनी अर्जुनाच्या विषादामागची स्वजनांविषयीची आसक्ती नेमकी दाखवून दिली आहे. (ती प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली नसती तर मराठी भाषा एका अमोल ग्रंथाला मुकली असती.) तरीही त्या प्रसंगाची रचना लक्षणीय आहे. कृष्णाचे पहिले उत्तर उपदेशाचे नाही, दटावणीचे आहे. हे दुर्बळपण सोड, उठ, एवढेच तो दोन श्लोकांत सांगतो. त्याचा परिणाम काय होतो? काहीही नाही. अर्जुन आपली व्यथा पुन्हा सांगतो, मी लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. मन खंबीर कर, असे सांगून खचलेला माणूस उभा राहत नाही, हे गीताकाराने सातशे श्लोकांच्या ग्रंथात अगदी सुरुवातीलाच दाखवून ठेवले आहे. खरा संवाद सुरू होतो तो त्यानंतर, आणि तो अठरा अध्याय चालतो, मधूनमधून अर्जुनाच्या शंका ऐकून घेत.

सांगणारा कोठे बसला आहे, हेही पाहावे. तो त्याच रथात आहे. बाण येतील तर त्यालाही लागतील. नात्याने सखा, कामाने सारथी. अर्जुनाचा धनी तो नाही. आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात ६३ व्या श्लोकात तो म्हणतो की, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. उपदेशाचा हा शेवट मला सबंध ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्यापुढे केलेले गीतेचे निरूपण हे निरूपण राहत नाही, त्याची सूचना होते. वातानुकूलित सभागृहात वरिष्ठांनी कनिष्ठांना अनासक्तीचे धडे देताना रथातली ही आसनव्यवस्था पार बदललेली असते.

कामाच्या तासांचा वाद घ्या. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे आणि रविवारीही कामाचे बोलणे बाहेर आले. दोन्ही वेळा समर्थन करणाऱ्यांनी कर्मयोगाचा दाखला दिला. त्यांनी सहावा अध्याय उघडून पाहायला हवा होता. त्यातील १६ आणि १७ हे दोन श्लोक ध्यानाला बसू पाहणाऱ्यासाठी आहेत. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही. आहार, हिंडणे-फिरणे, झोप आणि जागरण यांच्याच जोडीने तेथे कर्मातील प्रयत्नही प्रमाणात असावा असे सांगितले आहे. कामातील श्रमालाही माप असते, हे खुद्द कर्मयोगाच्या ग्रंथात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरांनी या श्लोकांवर बोलताना खाणे, चालणे, बोलणे सारे मोजके असावे असे सांगून झोपेलाही तिच्या वेळी तिचा मान देण्याची गोष्ट केली आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या निरूपणात झोपेची अशी कदर आहे आणि आमच्या संगणकनगरीत रात्री दोनला आलेल्या ई-मेलला उत्तर देणे हे निष्ठेचे लक्षण मानले जाते.

मनःशांतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा श्लोक मात्र बाराव्या अध्यायात आहे. वीस श्लोकांचा हा अध्याय महाराष्ट्रात असंख्य मुलांनी आजी-आजोबांच्या मांडीवर पाठ केला आहे. त्यातील १५ व्या श्लोकात भगवंताला प्रिय असलेल्या भक्ताचे लक्षण दिले आहे. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांपासून ज्याला उद्वेग होत नाही, तो. वाक्याला दोन अंगे आहेत आणि त्यांचा क्रमही डोळ्यांत भरणारा आहे. माझ्यामुळे दुसऱ्याचे मन अशांत होऊ नये, हे आधी. दुसऱ्यामुळे माझे होऊ नये, हे नंतर. शांतीचा जो व्यवहार आज चालतो त्यात या श्लोकाचा उत्तरार्ध तेवढा उरला आहे. तू उद्विग्न होऊ नकोस. उद्वेग कोणापासून होतो आहे, हा पूर्वार्ध कोणी म्हणत नाही. कारण तो म्हटला तर तो श्रोत्यांना नव्हे, व्यासपीठाला लागू पडतो.

ग्रंथात व्यासपीठासाठी आणखीही पुष्कळ आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर वागतात, हा तिसऱ्या अध्यायातील विचार अधिकाऱ्यांसाठीच आहे. सोळाव्या अध्यायातील १३ ते १५ या श्लोकांत आसुरी वृत्तीच्या माणसाचे स्वगत आहे: आज एवढे मिळवले, उद्या ते मिळवीन, हे धन माझे, तेही होईल, या शत्रूला संपवले, आता त्याची पाळी, माझ्यासारखा दुसरा कोण. वार्षिक उद्दिष्टांच्या सभेत हे स्वगत थोड्या सभ्य शब्दांत नित्य ऐकू येते. ते आसुरी आहे हे मात्र तेथे कोणी सांगत नाही.

आपल्याकडील संतांनी आणि विचारवंतांनी हा पूर्वार्ध कधी सोडला नाही. तुकोबांच्या एका अभंगाचा हवाला देऊन लोकांना आहे त्यात समाधान मानायला सांगितले जाते. पण १६३० च्या सुमारच्या भीषण दुष्काळात घरदार उद्ध्वस्त झालेल्या या सावकारी घराण्यातील माणसाने काय केले, असे परंपरा सांगते? कुळांकडील कर्जखतांतला आपला हिस्सा इंद्रायणीत बुडवला. समाधानाचा उपदेश त्यांनी स्वतःच्या मनाला केला. कुळांच्या वाट्याला उपदेश आला नाही, ऋणमुक्ती आली. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतही बोलणे आपल्याच मनाशी आहे. पसायदानात ज्ञानेश्वरांनी जे मागितले त्यात स्वतःच्या चित्ताचे स्वास्थ्य कोठे आहे? मागणे आहे ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी, आणि त्यात दुर्जनांचा वाकडेपणा जावा ही विनंती अगदी आधी आहे.

विनोबांचे उदाहरण तर थेट मजुरीचे आहे. गीताई लिहिणारा आणि अपरिग्रह अंगी बाणवलेला हा माणूस वर्ध्याजवळ नालवाडीत असताना दिवसच्या दिवस सूत कातून, कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीवर जगून पाहत होता. ती मजुरी जगण्याला पुरत नाही, हे त्यांना स्वतःच्या देहावर कळले. त्यांना अल्पसंतुष्टतेचे प्रवचन देता आले असते आणि त्यांच्या तोंडी ते शोभलेही असते. त्यांनी आग्रह धरला तो मजुरी वाढवण्याचा. गांधीजींनीही १९३५ मध्ये चरखा संघात कातणाऱ्यांच्या किमान मजुरीचा प्रश्न लावून धरला. खादी महाग झाली तरी चालेल, असे म्हणून. स्वतःपुरता त्याग आणि दुसऱ्यासाठी न्याय, अशी ही विभागणी त्यांच्या मनात स्वच्छ होती.

आणि रविवारच्या सुटीची गोष्ट आपण विसरलोच आहोत. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुटी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले आणि अखेर १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या मागणीच्या समर्थनार्थ रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा दाखला दिला गेला, असे सांगितले जाते. पोथीनिष्ठेवर कडाडून टीका करणाऱ्या परंपरेतल्या माणसाने जेजुरीच्या देवाला कामगारांच्या विश्रांतीसाठी साक्षीला बोलवावे, यात एक वेगळीच गंमत आहे. देवाचे नाव श्रम वाढवण्यासाठी घेता येते तसे ते कमी करण्यासाठीही घेता येते; मुंबईने दुसरा प्रकार आधी पाहिला आहे.

मग एकट्यादुकट्या माणसाने या ग्रंथांचे करायचे काय? त्याला व्यवस्था बदलेपर्यंत थांबता येत नाही. उद्या सकाळी आठ सत्तावीसची गाडी आहेच. त्याच्यासाठी गीतेत खरोखर उपयोगी पडणारे बरेच काही आहे, पण ते फलकावर लिहिण्याजोगे नाही. दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ हे श्लोक पाहावेत. एखाद्या विषयाचे सतत चिंतन, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून संभ्रम, मग स्मृतीचा गोंधळ आणि बुद्धीचा नाश, अशी ती साखळी आहे. मनाचा इतका बारीक अभ्यास फार थोड्या जागी सापडेल. या साखळीची पहिली कडी चिंतनाची आहे आणि मोबाइल हातात आल्यापासून ती कडी चोवीस तास उपलब्ध आहे. मित्राची परदेशवारी, वर्गमैत्रिणीचे नवे घर, कोणाच्या तरी बढतीची घोषणा. क्रोध आवरणे अवघड, पण रात्री दहानंतर ते पडद्यावरचे चिंतन थांबवणे त्यामानाने सोपे. गीता नेमकी कोठे हात घालायचा ते सांगते.

दुसरे वाणीविषयी. सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे लक्षण दिले आहे. उद्वेग न करणारे, खरे, प्रिय आणि हिताचे बोलणे. खरे आणि प्रिय हे दोन्ही एकत्र साधणे कठीण, म्हणून तर त्याला तप म्हटले असावे. कनिष्ठाची चूक दाखवणारा ई-मेल पाठवण्याआधी या चार कसोट्या लावून पाहाव्यात. दहा माणसांना प्रत पाठवायची की त्याला एकट्याला बोलवून सांगायचे, एवढ्या एका निर्णयावर कोणाची तरी रात्रीची झोप अवलंबून असते.

आणि जेथे मन खरोखर आजारी आहे तेथे पोथी पुरत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मानले पाहिजे. केंद्र सरकारची टेलीमानस ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. ताप आल्यावर रामरक्षा म्हणतात आणि डॉक्टरकडेही जातात. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. मनाच्या दुखण्यातच ती का वाटावी, हे कळत नाही.

राहता राहिला कायदा. पुण्यातील त्या घटनेनंतर संबंधित कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असे कामगार खात्याच्या पाहणीत आढळल्याचे वृत्त सप्टेंबर २०२४ मध्येच आले होते. कामाचे तास मोजणारा कायदा ज्या दाराच्या आत पोहोचलाच नव्हता, तेथे आंतरिक बळाची चर्चा आधी झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि मोठ्या दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा कारखान्यांसाठी ११५ वरून १४४ तासांवर गेली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले आहेत, जादा तासांचा दुप्पट मोबदला आहे आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असे सरकारचे म्हणणे. संमतीची ही अट वाचताना अठराव्या अध्यायातील तो ६३ वा श्लोक आठवतो. पूर्ण विचार करून वाटेल तसे करण्याची मुभा अर्जुनाला होती, कारण नाही म्हटल्याने सारथी रथातून उतरून जाणार नव्हता. घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेचे शुल्क डोक्यावर असलेला कामगार त्या कागदावर सही करील, तेव्हा ती त्याने मनापासून केली की नाही, हे पाहायला कामगार खात्याचा निरीक्षक त्या कारखान्यात वर्षातून किती वेळा जाणार आहे, हे आता सरकारला विचारले पाहिजे.